निरोपाची चादर

सरकारी नोकरीतला निरोप महिन्याच्या शेवटच्या तारखेला ठरलेला असतो. पोलीस खातेही त्याला अपवाद नाही. राज्य पोलीस दलातले शिपाई, हवालदार, फौजदार अठ्ठावन्न वर्षे पूर्ण झाली की निवृत्त होतात. भारतीय पोलीस सेवेतल्या अधिकाऱ्यांना साठ वर्षांपर्यंत सेवा करता येते. त्या दिवशी छोटासा समारंभ होतो, कुटुंबाला बोलावले जाते, चार शब्द बोलले जातात आणि खाकी वर्दी कायमची उतरते. मग गावातले सत्कार सुरू होतात. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, मानपत्र. आमच्या सोलापुरात मात्र शालीऐवजी बहुधा चादर असते. भौगोलिक मानांकन मिळालेली, वर्षानुवर्षे टिकणारी आपली सोलापुरी चादर.

काही वर्षांपूर्वी आमच्या मोहल्ल्यात अशाच एका सत्काराचा विषय निघाला. शहरातले एक मोठे पोलीस अधिकारी निवृत्त होत होते. मस्जिदीत इशाची नमाज झाल्यावर दहा-बारा जण थांबले. एका बुजुर्गांनी सुचवले की जमातीतर्फे साहेबांना चादर द्यावी. कोपऱ्यात बसलेल्या एका तरुणाने विचारले, “चाचा, त्यांनी आपल्यासाठी केलं तरी काय?” चाचा क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, “बेटा, त्यांनी आपलं काही वाईट केलं नाही. एवढं काय कमी आहे?”

सगळे हसले. पण आम्ही घरी आलो तरी ते वाक्य मनातून जाईना. तीस-पस्तीस वर्षे सेवा केलेल्या माणसाच्या पदरात टाकायला आपल्याजवळ एवढेच शब्द असावेत? “वाईट केले नाही” हा सत्कार आहे की आपल्या मनातल्या भीतीची कबुली? आणि खरोखर चांगले काम करणारा अधिकारी कोणता, हे ओळखण्याचे माप आपल्याजवळ आहे का? या लेखात आम्ही त्याच प्रश्नांचा शोध घेणार आहोत.

वर्दी आणि आपण

पोलीस ठाण्यात बोलली जाणारी भाषा ऐकून पाहा. फौजदार, हवालदार, जमादार, शिपाई, फिर्याद, जबाब, जामीन, जप्ती, पंचनामा, हजेरी. यातले बहुतेक शब्द अरबी-फारसीतून मराठीत आले आणि इथलेच होऊन गेले. सोलापूरच्या एका पोलीस ठाण्याचे नावच फौजदार चावडी आहे. म्हणजे शब्दांच्या बाबतीत हे घर आपल्याला परके नाही. तरीही त्या घराच्या पायऱ्या चढताना आपली पावले जड होतात. पासपोर्टच्या चौकशीसाठी शिपाई दारात आला तरी शेजारी खिडकीतून डोकावतात. “काय झालं?” हा प्रश्न आधी येतो, “या, बसा” नंतर.

ही भीती हवेतून आलेली नाही. तिला इतिहास आहे. मुंबईच्या १९९२-९३ च्या दंगलींची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाने काही पोलिसांच्या पक्षपाती वागण्यावर स्पष्ट शब्दांत ठपका ठेवला. त्या दंगलीत ९०० माणसे गेली. तो अहवाल १९९८ मध्ये सरकारला सादर झाला. तेव्हा आपल्या समाजाची तक्रार म्हणजे केवळ मनाचे खेळ नाहीत, हे न्यायाच्या आसनावरून सांगितले गेले आहे.

आमच्या शहराच्या आठवणीतही असे दिवस आहेत. ऑक्टोबर २००२ मध्ये अमेरिकेतल्या एका पाद्र्याने पैगंबर (स.) यांच्याविषयी काढलेल्या उद्गारांच्या निषेधार्थ बंद पुकारला गेला. सात समुद्रापलीकडे कोणी तरी बोलला आणि सोलापुरात दंगल उसळली. माणसे मेली, संचारबंदी लागली. रोज विड्या वळल्या तरच चूल पेटते आणि माग चालला तरच मजुरी मिळते, अशा घरांना त्या दिवसांचा अर्थ सांगावा लागत नाही. मेलेल्यांची नावे घरच्यांच्या लक्षात राहतात. उपासमारीचे दिवस तर कोणी मोजतही नाही.

सोलापूर आणि पोलीस यांचे नाते त्याहून जुने आहे. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर शहर पेटून उठले. ८ मे रोजी गोळीबार झाला आणि मंगळवार पेठेतली पोलीस चौकी जळाली. पुढचे काही दिवस इंग्रजांची सत्ता शहरातून जणू नाहीशी झाली होती, आणि काँग्रेसच्या स्वयंसेवकांनी रस्त्यावरची व्यवस्था सांभाळली. १२ मे रोजी सरकारने लष्करी कायदा लावला. पोलिसांच्या हत्येच्या आरोपाखाली मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि ‘गझनफर’ या वृत्तपत्राचे तरुण संपादक अब्दुल रसूल कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. आज चार हुतात्म्यांचे पुतळे सोलापुरात एकत्र उभे आहेत.

त्या काळी खाकी वर्दी परक्या सरकारची होती, तिचा मालक लंडनमध्ये बसला होता. आज तिची मालकी आपल्याकडे आहे. चार हुतात्म्यांच्या शहरात राहणाऱ्यांनी हा फरक विसरता कामा नये. परक्याच्या चाकराला आपण घाबरतो किंवा त्याच्याशी लढतो. आपल्या सेवकाकडून मात्र हिशोब मागायचा असतो, आणि त्याचे काम चांगले असेल तर त्याला शाबासकीही द्यायची असते.

भिवंडीची गोष्ट

आता ज्या अधिकाऱ्याच्या कामाला आम्ही मनापासून सलाम करतो, त्यांची गोष्ट. ती सोलापूरची नाही, पण सोलापूरसारख्याच यंत्रमागाच्या गावाची आहे.

भिवंडी हे ठाणे जिल्ह्यातले शहर. मागांचा खडखडाट दिवसरात्र चाललेला. मुस्लिम लोकसंख्या मोठी, आणि उत्तरेकडून, तेलंगणातून, कोकणातून, घाटावरून आलेले कामगार दाटीवाटीने राहणारे. मे १९७० मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून तिथे भीषण दंगल झाली. न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगाने तिची चौकशी केली. मे १९८४ मध्ये पुन्हा आग लागली आणि ती ठाणे-मुंबईपर्यंत पसरली. त्यात अडीचशेहून अधिक माणसे गेली. ‘दंगलीचे गाव’ हाच भिवंडीचा शिक्का झाला.

१९८८ मध्ये सुरेश खोपडे तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आले. आधीच्या दंगली कशा पेटल्या, याचा त्यांनी अभ्यास केला. त्यांना दिसले ते असे. पोलिसांच्या शांतता समित्या होत्या, पण त्यांत ठरावीक पुढारी बसत. सण आला की त्यांना चहा पाजायचा, फोटो काढायचा आणि सण संपला की विसरायचे. ज्या गल्लीत दगड पडतो त्या गल्लीतला मागवाला, दुकानदार, शिक्षक, रिक्षावाला आणि घर सांभाळणारी बाई त्या समितीत कुठेच नव्हती. पोलीस आणि सामान्य माणूस यांची भेट फक्त दोन वेळा होई, गुन्हा घडल्यावर किंवा लाठी पडताना.

खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. एक-दोन नव्हे, शहरभर सत्तर. शक्य तिथे हिंदू आणि मुस्लिम सारख्या संख्येने घेतले. गल्लीतली साधी माणसे निवडली. प्रत्येक समितीशी ठाण्यातला कर्मचारी जोडून दिला. बैठका दंगलीच्या भीतीने नव्हे, तर नेमाने होऊ लागल्या. त्यात बोलणे कशाचे? नळाला पाणी नाही, गटार तुंबले, मुलांच्या भांडणात मोठे पडले, भाडेकरू आणि मालक यांचा वाद. छोटी भांडणे समितीतच मिटू लागली. मुख्य म्हणजे माणसे एकमेकांना नावाने ओळखू लागली. अफवा आली की “अमक्या गल्लीत मारले” यावर विश्वास ठेवण्याआधी त्या गल्लीतल्या ओळखीच्या माणसाला विचारण्याची सोय झाली.

६ डिसेंबर १९९२ रोजी बाबरी मस्जिद पाडली गेली. मुंबई पेटली. जानेवारीत पुन्हा पेटली. सगळ्यांच्या नजरा भिवंडीकडे होत्या, कारण ठिणगी पडायला याहून सुकी जागा कोणती? पण भिवंडी जळाली नाही. समितीतली माणसे रात्ररात्र जागली, एकमेकांच्या गल्ल्यांत जाऊन बसली, अफवा जागच्या जागी विझवल्या.

यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. तोपर्यंत खोपडे यांची बदली झालेली होती. भिवंडीचे उपायुक्त होते गुलाबराव पोळ, जे पुढे पुण्याचे पोलीस आयुक्त झाले. पोळ यांनी आधीच्या अधिकाऱ्याचे काम “ते त्यांचे होते” म्हणून बाजूला टाकले नाही. समित्या चालू ठेवल्या, वापरल्या, बळकट केल्या. खोपडे यांनी लावलेले झाड पोळ यांनी पाणी घालून जगवले, आणि सावली मिळाली ती भिवंडीच्या लेकराबाळांना. खोपडे यांनी पुढे हा अनुभव ‘मुंबई जळाली, भिवंडी का नाही?’ या पुस्तकात मांडला. हे पुस्तक आपल्या घरात असायला हवे.

अधिकाऱ्याला मोजण्याचे माप आम्हाला भिवंडीत सापडले. साहेब खुर्चीवर असताना शहर शांत होते का, हा अर्धा प्रश्न झाला. साहेब गेल्यावरही टिकेल असे काही मागे राहिले का, हा पूर्ण प्रश्न आहे.

वर्दी उतरल्यावर

काही अधिकाऱ्यांची खरी ओळख निवृत्तीनंतर होते. जुलिओ रिबेरो यांचे नाव सगळ्यांना ठाऊक आहे. १९८२ मध्ये ते मुंबईचे पोलीस आयुक्त झाले, नंतर पंजाबचे पोलीस महासंचालक झाले. दोनदा त्यांच्यावर प्राणघातक हल्ले झाले. १९८७ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले आणि पुढे ते रोमानियात भारताचे राजदूत होते. १९९३ मध्ये मायदेशी परतले तेव्हा वय साठीच्या पुढे. आराम करायचा हक्क होता. पण मुंबई जखमी होती. भिवंडीचा धडा समोर ठेवून, तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश साहनी यांच्यासोबत आणि सुशोभा बर्वे यांच्यासारख्या कार्यकर्त्यांच्या साथीने त्यांनी मुंबईत मोहल्ला समित्यांचे काम सुरू केले. एका ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेला हा निवृत्त अधिकारी हिंदू-मुस्लिम वस्त्यांत चटईवर बसून माणसांचे ऐकत राहिला. या चळवळीने भरवलेल्या क्रिकेट सामन्यांत पोलीस आणि मोहल्ल्यातली मुले एका मैदानावर उतरली. ज्याला कालपर्यंत पाहून पळायचे त्याच्या चेंडूवर चौकार मारायचा, ही गोष्ट लहान मुलाच्या मनातली केवढी गाठ सोडवत असेल!

आपल्या समाजातलेही उदाहरण आहे. अहमद जावेद हे १९८० च्या तुकडीचे अधिकारी. ते मुंबईचे पोलीस आयुक्त म्हणून ३१ जानेवारी २०१६ रोजी निवृत्त झाले आणि नंतर सौदी अरेबियात भारताचे राजदूत म्हणून गेले. हजला जाणाऱ्या लाखाहून अधिक भारतीय यात्रेकरूंची आणि तिथे घाम गाळणाऱ्या आपल्या कामगारांची काळजी ज्या दूतावासाकडे असते, त्याची जबाबदारी एका निवृत्त पोलीस अधिकाऱ्यावर सोपवली गेली. इतक्या वर्षांची शिस्त एका दिवसात संपत नाही, हेच यातून दिसते.

आणि काहींच्या नशिबी निरोपाचा समारंभही नसतो. अशोक कामटे हे मुंबईला जाण्यापूर्वी आमच्या सोलापूरचे पोलीस आयुक्त होते. त्यांच्या घरात पोलीस सेवेची परंपरा होती. आजोबा ना. मा. कामटे हे स्वातंत्र्यानंतर मुंबई प्रांताचे पहिले भारतीय पोलीस महानिरीक्षक होते. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईवर दहशतवाद्यांनी हल्ला केला तेव्हा हेमंत करकरे आणि विजय साळसकर यांच्यासोबत कामटे शहीद झाले. मरणोत्तर अशोकचक्राने त्यांचा गौरव झाला. सोलापुरात आजही त्यांचे नाव निघाले की रिक्षावाल्यापासून व्यापाऱ्यापर्यंत माणसे सरळ होऊन बोलतात. निवृत्तीची चादर त्यांच्या खांद्यावर घालण्याचे भाग्य आम्हाला लाभले नाही. म्हणून जे सुखरूप घरी परतत आहेत, त्यांच्या निरोपाला हलके मानू नये असे आम्हाला वाटते.

दिसणारे आणि न दिसणारे काम

पोलिसाचे काम चांगले झाले की ते दिसत नाही. दंगल झाली तर बातमी, झाली नाही तर काहीच नाही. जी रात्र शांततेत गेली तिचे मानपत्र कोण लिहिणार?

सोलापूर जिल्ह्याच्या पोलिसाचे वर्ष डोळ्यांसमोर आणा. जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा, आषाढीला पंढरपूरची वारी, मग मोहर्रम, गणपती, ईद-ए-मिलाद, नवरात्र. आपल्या प्रत्येक सणाला त्याच्या घरी सण नसतो. आपली मुले नवे कपडे घालून ईदगाहला जातात तेव्हा कोणाचा तरी बाप पहाटेपासून त्या रस्त्यावर उभा असतो.

२९ जून २०२३ ची आठवण करा. त्या दिवशी आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकत्र आली. लाखो वारकरी पंढरपुरात, आणि त्याच दिवशी कुर्बानी. काय होईल या काळजीने कित्येकांची झोप उडाली होती. झाले असे की पंढरपूरसह राज्यात अनेक ठिकाणी मुस्लिम बांधवांनी त्या दिवशी नमाज अदा केली आणि कुर्बानी पुढच्या दिवसांवर नेली. शरीअतने कुर्बानीला तीन दिवस दिलेलेच आहेत. त्याच वर्षी २८ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आली, तेव्हा अनेक शहरांत जुलूस एक दिवस पुढे नेण्यात आला. हे निर्णय समाजाने स्वतः घेतले, त्याचा आम्हाला अभिमान आहे. पण अशा निर्णयांच्या आधी बैठका झाल्या, फोन झाले, चहाचे कप रिकामे झाले. दोन्ही बाजूंचे ऐकून घेणारा, कोणालाही दम न देता बोलणारा अधिकारी समोर असला की असे निर्णय सोपे होतात. त्या माणसाची नोंद कुठेही होत नाही.

दुसरे एक काम आपल्याच जिल्ह्यातले आहे. २०२१ मध्ये सोलापूर ग्रामीणच्या पोलीस अधीक्षक तेजस्वी सातपुते यांनी हातभट्टीच्या दारूविरुद्ध ‘ऑपरेशन परिवर्तन’ सुरू केले. धाड घालायची, भट्टी फोडायची आणि आठ दिवसांनी ती पुन्हा पेटायची, हा जुना खेळ. या मोहिमेत अधिकाऱ्यांनी एकेक गाव, एकेक तांडा दत्तक घेतला. मुळेगाव तांड्यासारख्या वस्त्यांत जाऊन त्यांनी दारू गाळणाऱ्या घरांशी बोलणे सुरू केले आणि दुसरा रोजगार कोणता मिळेल याची वाट शोधली. दारू हराम आहे हे आपण मिंबरवरून सांगतो. तो धंदा सोडणाऱ्या बाईच्या हाताला दुसरे काम मिळावे, याची खटपट मात्र वर्दीतल्या माणसांनी केली. आपणही यातून काही शिकावे.

हजरत उमर (रजि.) खलीफा असताना रात्री मदीनेच्या गल्ल्यांतून फिरत, हे आपण मुलांना मोठ्या अभिमानाने सांगतो. उपाशी लेकरांसाठी रिकामे भांडे चुलीवर ठेवणाऱ्या बाईच्या घरी त्यांनी स्वतःच्या पाठीवरून धान्य नेले, ही गोष्ट कोणाला माहीत नाही? गस्त म्हणजे नुसते चोर पकडणे नाही, रयतेचे दुःख डोळ्यांनी पाहणे आहे. ज्या अधिकाऱ्याने हे केले, तो कोणत्याही धर्माचा असो, त्याच्याबद्दल कृतज्ञता बोलून दाखवणे हे आपल्या दीनच्या शिकवणीला धरूनच आहे. आणि ज्याने अन्याय केला त्याला सलाम ठोकणे त्या शिकवणीत बसत नाही, मग तो कितीही मोठ्या पदावर असो.

सत्कार कसा करावा

सत्कार दोन तऱ्हेचे असतात. एक खुर्चीचा, दुसरा माणसाचा. साहेब पदावर असताना वाढदिवसाला हारांची रांग लागते. ती खुर्चीची. निवृत्तीनंतर सहा महिन्यांनी बाजारात भेटल्यावर जो थांबून हात मिळवतो, त्याचा सत्कार खरा. आमच्या गल्लीत एक निवृत्त हवालदार राहतात. पद लहान होते, पण आजही घरगुती भांडण झाले की बायाबापड्या आधी त्यांच्या ओट्यावर येऊन बसतात. त्यांना कोणी मानपत्र दिलेले नाही. त्या ओट्यावर रोज ठेवला जाणारा विश्वास हेच त्यांचे मानपत्र.

म्हणून आम्हाला वाटते की जमातीने, मंडळाने, शाळेने कोणाचाही सत्कार ठरवण्याआधी आपापसात तीन प्रश्न विचारावेत. या माणसाच्या दारात गरीब, एकटी बाई न घाबरता जाऊ शकत होती का? आपल्या माणसाची चूक असताना त्याने आपल्यालाही सुनावले आणि दुसऱ्याची चूक असताना त्यालाही सोडले नाही, असे झाले का? आणि तो गेल्यावर टिकेल असे काही त्याने मागे ठेवले का? तिन्ही उत्तरे ‘हो’ असतील तर चादर द्यावी, आणि का देतो हे स्पष्ट शब्दांत सांगावे. “कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ” हे शब्द प्रत्येक मानपत्रात असतात, त्यांनी कोणाचेच पोट भरत नाही. “अमक्या रात्री तुम्ही आमच्या गल्लीत स्वतः येऊन बसलात” हे एक वाक्य दहा विशेषणांहून मोठे.

आणि एक हिशोब आपलाही आहे. पोलीस दलात आपली संख्या कमी आहे, हे सच्चर समितीने २००६ मध्येच दाखवून दिले. तक्रार बरोबर आहे, पण आपल्या घरातून किती अर्ज जातात? शिपाई भरतीला बारावी उत्तीर्ण लागते. मुलांना किमान १६५ आणि मुलींना १५५ सेंटिमीटर उंची लागते. मुलांसाठी १६०० मीटर, मुलींसाठी ८०० मीटर धावणे, १०० मीटर धावणे, गोळाफेक आणि १०० गुणांची लेखी परीक्षा असते. अल्पसंख्याक उमेदवारांसाठी राज्य सरकारची भरतीपूर्व प्रशिक्षण योजनाही आहे. पहाटे फजरची नमाज झाली की मैदान मोकळेच असते. मुलगा धावायला निघाला तर त्याला हसू नये, आणि मुलगी म्हणाली “मलाही जायचंय” तर अम्मी-अब्बांनी तिच्यासोबत मैदानापर्यंत जावे. जो खात्यात जाईल त्याने फक्त आपल्याच माणसांचे भले करावे, अशी अपेक्षा मात्र ठेवू नये. त्याने सगळ्यांशी सारखा न्याय केला तरच आपली मान ताठ राहील.

शांतता समितीचे बोलावणे आले की तेच ते चार चेहरे पाठवू नयेत. मागावर बसणारा, विडी वळणारी, शाळेत शिकवणारी, मोबाईल दुरुस्त करणारा तरुण, असे लोक गेले पाहिजेत. भिवंडीला अशाच माणसांनी वाचवले.

त्या रात्रीच्या बैठकीचे काय झाले, ते सांगायचे राहिले. बरीच चर्चा झाली. कोणाला साहेबांनी मोहर्रमच्या वेळी सोडवलेला तंटा आठवला, कोणाला एका मुलाला विनाकारण बसवून ठेवल्यावर त्यांनी स्वतः ठाण्यात फोन करून त्याला घरी पाठवल्याचे आठवले. “वाईट केलं नाही” म्हणणाऱ्या चाचांनाच मग दोन गोष्टी आठवल्या. तक्रारीही निघाल्या. रात्रीची गस्त आपल्या भागात कमी येते, मुलांना उगाच अडवले जाते, गल्लीच्या तोंडाशी दिवा नाही. शेवटी ठरले की चादर द्यायची, आणि त्यासोबत एक साधा कागदही द्यायचा. त्यावर वरच्या बाजूला आपण कशाबद्दल आभारी आहोत ते लिहायचे आणि खाली राहिलेली तीन कामे. साहेबांना विनंती करायची की जाताना हा कागद आपल्या जागी येणाऱ्या अधिकाऱ्याच्या हाती स्वतः द्या.

तो कागद लिहायला ज्याने पहिला प्रश्न विचारला होता त्या तरुणालाच बसवले. त्याचे अक्षर चांगले होते, आणि प्रश्नही त्याचाच होता.

साहेबांनी चादर खांद्यावर घेतली, कागद उभ्या उभ्या वाचला, चौकोनी घडी घालून खिशात ठेवला. म्हणाले, “हार तर सगळेच देतात. काम कोणी देत नाही.”